वायरलेसवरचं ‘ओके’

गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक घडवणारी संस्था आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याला आता प्रवासी विमानं उतरू लागली आहेत. नागपूरच्या डोक्यावरून तर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-कोलकाता अशा दोन्ही दिशांचे हवाई मार्ग एकमेकांना छेदून जातात. आपल्याकडच्या खेड्यांतली मुलंही हल्ली वैमानिक किंवा एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायची तयारी करतात, आणि बहुतेकांना एकच धास्ती असते, इंग्रजीची. घरी झाडीबोली, पोवारी नाहीतर वऱ्हाडी, शाळा मराठी माध्यमाची. मग वायरलेसवर आपलं निभणार कसं?

इंग्रजी लागतं, यात वाद नाही. आयकाओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, मार्च २००८ पासून त्यासाठी १ ते ६ अशा पायऱ्या लावून दिल्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामासाठी किमान चौथी पायरी हवी, आणि चौथीवाल्याला दर ३ वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. पण मोठ्या अपघातांचे अहवाल वाचत गेलं की वेगळीच गोष्ट नजरेत भरते. कित्येकदा दोघांचं इंग्रजी कामापुरतं ठीक असतं, शब्द कानावर पडलेले असतात, उत्तरही दिलेलं असतं, आणि तरी दोघांच्या डोक्यात दोन वेगळी चित्रं असतात. ऐकणाऱ्याला जे अपेक्षित होतं तेच त्यानं ऐकलेलं असतं. मुलांनी इंग्रजीच्या क्लासला जितके तास घातले, त्याच्या अर्धे तास जरी नीट परत बोलण्याला आणि ते परत बोललेलं नीट ऐकण्याला दिले, तर ते जास्त उपयोगी पडतील असं माझं ठाम मत आहे.

परत बोलणं आणि परत ऐकणं

धान खरेदी केंद्रावर काट्याजवळचा माणूस वजन ओरडतो, दिवाणजी वहीत लिहिता लिहिता तोच आकडा मोठ्यानं म्हणतो, आणि काट्यावरचा कान देऊन ऐकतो. दिवाणजी चुकला तर तो तिथल्या तिथे टोकतो. वायरलेसची सगळी पद्धत हीच आहे. कंट्रोलर सूचना देतो, वैमानिक ती परत बोलतो, याला रीडबॅक म्हणतात. कंट्रोलर ते ऐकून पडताळतो, तो हिअरबॅक. चूक असेल तर तो ‘निगेटिव्ह’ म्हणून बरोबर सूचना पुन्हा देतो. हे चार टप्पे झाले की एक व्यवहार पुरा झाला.

काय परत बोलायचं, हे वैमानिकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. मार्गाची परवानगी, धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्यावरून मागे फिरणं, तिच्या अलीकडे थांबणं, उतरणं आणि उडणं यांबद्दलची प्रत्येक सूचना, कोणती धावपट्टी वापरात आहे तो आकडा, क्यूएनएच म्हणजे उंचीमापकात लावायचा हवेचा दाब, ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा, चार आकडी कोड, उंची, दिशा आणि वेग: हे सगळं शब्दशः परत यायलाच हवं, आणि सोबत आपलं कॉलसाइन, म्हणजे वायरलेसवरचं विमानाचं नाव. वारा किती आहे, शेजारून कोणतं विमान जातंय, अशी नुसती माहिती असेल तर ‘रॉजर’ पुरतं. ‘रॉजर’चा अर्थ एवढाच की तुमचं सगळं बोलणं मला मिळालं. ते मी करीन, असं त्यात कुठेही येत नाही. त्यासाठी ‘विल्को’ आहे. आणि हो-नाहीच्या प्रश्नाला ‘रॉजर’ हे उत्तरच होत नाही. तिथे ‘अफर्म’ किंवा ‘निगेटिव्ह’.

शिकताना सगळा जोर रीडबॅकवर असतो. दुसरा भाग, कंट्रोलरचं परत ऐकणं, मात्र फारच दुर्लक्षित राहतो. वैमानिक परत बोलत असतो तेव्हा कंट्रोलरचा हात स्ट्रिपवर, म्हणजे विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर, लिहीत असतो, शेजारच्या केंद्राचा फोन वाजत असतो, डोळे पुढच्या विमानावर गेलेले असतात. लहान विमानतळावर तर टॉवर, ग्राउंड आणि फोन हे सगळं एकाच माणसाकडे असू शकतं. आपण बरोबर सूचना दिली हे त्याला माहीत असतं, म्हणून परत येणारा आवाज त्याला बरोबरच वाटतो. आणि तो गप्प राहिला की वैमानिक ते मौन म्हणजे संमती समजतो.

१९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरचं मालवाहू बोईंग ७४७ असंच गेलं. कंट्रोलरला विमान २,४०० फुटांवर आणायचं होतं. तो म्हणाला, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’, यातला ‘टू’ हा दोनचा आकडा. वैमानिकांना वाटलं ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’. त्यांनी परत बोलताना म्हटलं, ‘ओके, फोर झीरो झीरो’. म्हणजे ४०० फूट. कंट्रोलरनं टोकलं नाही. विमानातल्या यंत्रानं जमीन जवळ आल्याचा इशारा दिला, तोही मनावर घेतला गेला नाही. विमान टेकडीला धडकलं आणि आतले चौघंही गेले. ज्या भागात डोंगर आहेत तिथे ४०० फूट ही उंची मिळूच शकत नाही, हे नकाशावर छापलेलं होतं. तरी एकदा ‘४००’ हा आकडा डोक्यात बसल्यावर तो बाहेर निघाला नाही.

यावरचे उपाय अगदी साधे आहेत. पूर्ण शेकड्यातली उंची शेकड्या-हजारातच म्हणायची: ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’. ब्रिटनमध्ये आणखी एक काळजी घेतात. आकड्याआधी ‘अल्टिट्यूड’ हा शब्द घालतात, म्हणजे ‘टू’ आणि आकडा एकमेकांना चिकटत नाहीत. आणि फ्लाइट लेव्हल, म्हणजे वर असताना शेकड्यात सांगितलेली उंची (१४० म्हणजे १४,००० फूट), सांगताना ‘टू’ गाळूनच टाकतात.

आकडे

वायरलेसवरच्या गोंधळाचं मोठं मूळ आकड्यांत आहे. नागपूरचंच उदाहरण घ्या. तिथली धावपट्टी १४ आणि ३२ (दोन्ही बाजूंच्या दिशा, साधारण १४० आणि ३२० अंश, यांतलं शेवटचं शून्य गाळून). म्हणजे १४ वर उतरायला येणाऱ्या विमानाला ‘हेडिंग वन फोर झीरो’ मिळू शकतं, ‘रनवे वन फोर’ मिळतं, आणि थोडं आधी, वर असताना, ‘फ्लाइट लेव्हल वन फोर झीरो’ही मिळालेलं असू शकतं. दिशा, धावपट्टी आणि उंची, तिन्हींत तेच आकडे. म्हणून आकडा कधीही उघडा बोलायचा नाही. तो कशाचा आहे ते त्याच्या आधी लावायचंच. ‘वन फोर झीरो, रॉजर’ हे रीडबॅक नव्हे. शून्यावर संपणाऱ्या दिशेपुढे ब्रिटनमध्ये ‘डिग्रीज’ जोडतात ते याचसाठी. तसंच ‘वन झीरो झीरो’ आणि ‘वन वन झीरो’ या दोन लेव्हल कानाला फार जवळच्या, म्हणून १०० ला ‘वन हंड्रेड’ म्हणायची पद्धत आली.

मराठीत विचार करणाऱ्यासाठी इथे एक खास खड्डा आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी येतो आणि वीस नंतर. ‘टू फाइव्ह’ ऐकून मनात ‘पंचवीस’ केलं आणि घाईत लिहायला गेलं की ५२ उमटण्याची शक्यता असते. ‘सदतीस’, ‘त्र्याहत्तर’ यांत तर हमखास. म्हणून आकडा मनात मराठी करायचाच नाही. जसा कानावर आला तसा, एकेक अंक, डावीकडून उजवीकडे गुडघ्यावरच्या पॅडवर लिहायचा, आणि परत बोलताना स्मरणातून नाही, त्या लिहिलेल्यावरून बोलायचं.

उच्चाराची भीती मात्र सोडा. आयकाओचा ठरलेला उच्चारच मुळी ‘ट्री’, ‘फोवर’, ‘फाइफ’, ‘नाइनर’ आणि ‘टाउसंड’ असा आहे. जगभरच्या जिभांना झेपावा आणि खरखरीतूनही ओळखू यावा म्हणून तो तसा ठरवलाय. साहेबी ‘थ्री’ जमत नाही म्हणून कोणी मागे राहत नाही. अक्षरांच्या बाबतीत ‘ज’ आणि ‘झ’ तेवढे सांभाळा. ‘झुलू’ला ‘जुलू’ म्हणू नका, कारण त्याच यादीत ‘ज्युलिएट’ आहे.

दाबाच्या आकड्याकडे वेगळं लक्ष द्यायला हवं, कारण तो चुकला तर विमानातलं काहीही चुकल्यासारखं वाटत नाही. आपल्याकडे क्यूएनएच हेक्टोपास्कलमध्ये देतात आणि जमिनीजवळ १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर पावसात एक एअरबस ए३२० उतरायला येत होतं. खरा दाब १००१ होता, कंट्रोलरनं १०११ सांगितला. वैमानिकांनी १०११ अचूक परत बोललं. रीडबॅक बरोबर, हिअरबॅक बरोबर, आकडाच मुळात चुकलेला. विमान दाखवत होतं त्यापेक्षा सुमारे २८० फूट खाली होतं, आणि धावपट्टी अजून दीड किलोमीटरच्या आसपास दूर असताना ते जमिनीपासून फक्त ६ फुटांवर आलं. धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिकांनी ते वर उचललं होतं, तेवढ्यानं वाचलं. त्याच सुमारास दुसऱ्या एका विमानालाही १०११ सांगितलं गेलं. त्या वैमानिकानं उलट १००१ परत बोललं, आणि कंट्रोलरला तो फरकही कळला नाही.

या प्रकाराला रीडबॅक पुरत नाही. दुसऱ्या ठिकाणचा आकडा समोर हवा. एटिस म्हणजे विमानतळाची रेकॉर्ड केलेली हवामान-माहिती. तिच्यातला दाब आधीच लिहून ठेवा आणि कंट्रोलरनं दिलेला त्याच्या शेजारी लिहा. दोन आकड्यांत १ चा फरक समजू शकतो, १० चा नाही. अमेरिकेत हाच दाब पाऱ्याच्या इंचांत देतात, प्रमाण दाब २९.९२. तिथून आलेल्या वैमानिकाला आपल्याकडे ‘नाइनर नाइनर टू’ म्हणजे ९९२ हेक्टोपास्कल मिळालं आणि सवयीनं त्यानं २९.९२ लावलं, तर विमान सुमारे ६०० फूट खाली असतं. म्हणून दाब हजाराच्या खाली असला की ‘हेक्टोपास्कल’ हा शब्द जोडायलाच हवा.

दोघं एकदम बोलले की

विमानांचा रेडिओ साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये आणि एएम पद्धतीनं चालतो. एका वेळी एकानंच बोलायचं; बटण दाबलं की तुमचं ऐकणं बंद. दोघांनी एकदम बटण दाबलं तर बाकीच्यांना कर्कश शिट्टी ऐकू येते. ही शिट्टी तशी आपल्या फायद्याची आहे. एफएमवर जोरकस आवाज दुबळ्याला पूर्ण गिळून टाकतो आणि कोणाचं बोलणं हरवलं हे कळतही नाही. एएमवर निदान काहीतरी हरवलं एवढं समजतं.

२७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोडिओस विमानतळावर धुक्यात जे घडलं त्यात ही शिट्टी आहे. डच कंपनी केएलएमचं ७४७ धावपट्टीच्या टोकाला तयार होतं, अमेरिकेच्या पॅन अॅमचं ७४७ त्याच धावपट्टीवरून समोरून येत होतं. कंट्रोलरनं केएलएमला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी दिली, उडण्याची नाही. त्या वाक्यातही ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. सहवैमानिकानं ती परत बोलून शेवटी जोडलं, ‘वी आर नाउ अॅट टेक-ऑफ’. कंट्रोलरला वाटलं, उडायच्या जागी थांबलेत. तो म्हणाला, ‘ओके’, जरा थांबला, आणि मग ‘स्टँड बाय फॉर टेक-ऑफ, आय विल कॉल यू’. त्या थांबण्यातच पॅन अॅमनं आपण अजून धावपट्टीवर असल्याचं सांगायला बटण दाबलं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोहोचलं ते ‘ओके’, आणि नंतर शिट्टीत बुडालेले शब्द. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उडण्याची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक झाला. एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’. वैमानिक ‘रेडी फॉर डिपार्चर’ म्हणतो. आणि ‘ओके’ या शब्दाला वायरलेसवर जागाच नाही, कारण मंजूर, ऐकलं, समजलं, थांबा-सांगतो, यातलं काहीही त्यात बसतं. क्वालालंपूरच्या त्या रीडबॅकच्या सुरुवातीलाही ‘ओके’च होतं.

टेनेरिफच्या त्याच कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. त्यानं विचारलं ते अशा अर्थानं: तो पॅन अॅमवाला बाजूला झालेला नाही का? कॅप्टननं जोर देऊन होकार भरला आणि विमान धावतच राहिलं. नकारार्थी प्रश्न वायरलेसवर टाळायचे, हे आपल्या मुलांनी तर डोक्यात पक्कं बसवावं. ‘जेवला नाहीस का?’ याला आपण ‘हो, नाही जेवलो’ म्हणतो. इंग्रजीच्या वळणानं तिथे ‘नो’ येतं. ‘कन्फर्म नॉट क्लिअर्ड?’ असं विचारलं आणि समोरून ‘अफर्म’ आलं, तर त्याचा अर्थ लावत बसावं लागेल. प्रश्न सरळ करा: ‘कन्फर्म क्लिअर्ड टू लँड, रनवे थ्री टू?’

बटणाची सवय सुरुवातीलाच लावा. आधी दोन क्षण ऐका, कोणी बोलत नाही ना. दुसऱ्याला नुकतीच सूचना मिळाली असेल तर त्याचा रीडबॅक होऊ द्या. त्या फटीत घुसणं हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष. बटण पूर्ण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. बोलता बोलता दाबलं की पहिलं अक्षर कापलं जातं. वेग मिनिटाला १०० शब्दांच्या वर नको, आकड्याआधी आणि नंतर किंचित थांबा. आणि बोलणं झाल्यावर बटण सुटलंय याची खात्री करा, कारण अडकलेलं एक बटण सगळी फ्रिक्वेन्सी बंद पाडतं.

कॉलसाइनबद्दल थोडंच. प्रशिक्षण संस्थेची विमानं एकदम नोंदवलेली असतात, त्यामुळे शेवटचं एकच अक्षर वेगळं असलेली दोन-तीन विमानं एकाच सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेऱ्यात, असणं नेहमीचं. कॉलसाइन छोटं करण्याची सुरुवात कंट्रोलरनं करायची असते. तोवर वैमानिकानं पूर्णच म्हणायचं. दुसऱ्याची सूचना आपण उचलली अशी पुसटशी शंका आली तरी विचारायचं. कंट्रोलरनं दोघांनाही आधीच सावध केलेलं बरं, की सारख्या नावाचं विमान फ्रिक्वेन्सीवर आहे.

शब्द बरोबर, अर्थ दुसरा

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपानच्या तटरक्षक दलाच्या विमानाला सूचना मिळाली ती धावपट्टीआधीच्या थांब्यापर्यंत जाण्याची, आणि सोबत ‘नंबर वन’, म्हणजे उडण्याच्या रांगेत पहिला. रीडबॅक अचूक झाला. तरी विमान थांब्यावर न थांबता धावपट्टीवर गेलं आणि ४० सेकंदांच्या आसपास तिथे उभं राहिलं. मागून जपान एअरलाइन्सचं ए३५० त्याच्यावर उतरलं. त्यातले ३७९ जण बाहेर पडू शकले. तटरक्षक विमानातल्या ६ पैकी ५ जण दगावले. ते विमान आदल्या दिवशीच्या भूकंपाची मदत घेऊन निघालं होतं. घाईत असलेल्या माणसाला ‘पहिला नंबर’ म्हणजे वाट मोकळी असं वाटू शकतं. जपाननं नंतर काही काळ तो शब्दप्रयोगच थांबवला. कंट्रोलरसाठी यातला धडा नेमका आहे: थांबवायचं असेल तेव्हा त्याच वाक्यात पुढे जाण्याचा वास येणारा शब्द घालू नये. ‘गो अहेड’बद्दलही आयकाओ हेच सांगते. ‘तुमचं काय ते बोला’ याऐवजी ‘पुढे चला’ असा अर्थ निघण्याची शक्यता असेल तिथे तो वापरायचा नाही.

आपल्या देशातला सगळ्यात मोठा घाव १२ नोव्हेंबर १९९६ चा, हरियाणातल्या चरखी दादरीचा. दिल्लीहून चढणाऱ्या सौदीच्या ७४७ ला १४,००० फुटांची मर्यादा होती, उतरणाऱ्या कझाकस्तानच्या आयएल-७६ ला १५,००० ची. कझाक विमानानं १५,००० वर पोहोचल्याचं कळवलं. कंट्रोलरनं त्यांना समोरून येणाऱ्या विमानाचं अंतर आणि त्याची उंची, १४०, सांगितली. त्यानंतरही कझाक विमान १५,००० च्या खाली उतरत राहिलं आणि दोन्ही धडकली. ३४९ माणसं गेली. लाहोटी आयोगानं कझाक विमानाचं परवानगीशिवाय खाली येणं हे कारण धरलं. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि चालवणारे वेगळे होते. सूचना एकाच्या कानात, हात दुसऱ्याचे. शिवाय त्या वेळी दिल्लीच्या कंट्रोलरच्या पडद्यावर विमानाची उंची दिसत नव्हती, म्हणून वैमानिक सांगेल तीच खरी धरावी लागे. पुढे येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, विमानांत टीकॅस, म्हणजे टक्कर टाळणारं यंत्र, सक्तीचं झालं. आता टीकॅसनं वर-खाली जा म्हटलं की वैमानिक तेच पाळतो, ‘टीकॅस आरए’ एवढं कळवतो, आणि यंत्राचं काम संपेपर्यंत कंट्रोलर त्याला उंचीची सूचना देत नाही.

आणखी एक जागा आहे, जिथे आपल्याकडची मुलं मला सर्वांत जास्त काळजीत टाकतात. साहेबाशी बोलताना आवाज खाली जातो, अडचण आडून सांगितली जाते. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाच्या आविआंका कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कला पोहोचलं ते सव्वा तासाच्या आसपास हवेत घिरट्या घालून. सहवैमानिकानं प्राधान्य मागितलं, इंधन संपत आल्याचंही सांगितलं, पण शांत आवाजात, इतर बोलण्याच्या ओघात. कॅप्टननं त्याला आणीबाणी असल्याचं कळवायला सांगितलं होतं, तरी ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ हा शब्द कंट्रोलरपर्यंत गेलाच नाही. गर्दीच्या फ्रिक्वेन्सीवर कंट्रोलरच्या लेखी ते रांगेतलं आणखी एक विमान राहिलं. इंधन संपून ते लाँग आयलंडवर पडलं, १५८ पैकी ७३ जण गेले.

आज यासाठी दोन पक्के शब्द आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल. ही आणीबाणी नव्हे, पूर्वसूचना आहे. ‘मेडे मेडे मेडे फ्युएल’ म्हणजे शेवटच्या राखीव साठ्यापेक्षा कमी इंधनावर उतरणार. जेट विमानासाठी तो साठा ३० मिनिटांचा. जमत नसेल तर ‘अनेबल’ म्हणावं, पुढे ‘सॉरी सर’ लागत नाही. कळलं नसेल तर ‘से अगेन’. बारा वेळा ‘से अगेन’ म्हणणारा विद्यार्थी मला एकदा ‘ओके सर’ म्हणणाऱ्यापेक्षा लाख पटीनं आवडतो. कंट्रोलरनंही ‘स्टँडबाय’ म्हटल्यावर परत यायचं असतं. ‘स्टँडबाय’ ही परवानगीही नाही आणि नकारही नाही.

धावपट्टीवरची गाडी

लहान विमानतळावर धावपट्टीची पाहणी करणारी जीप, गवत कापणारा ट्रॅक्टर, कुत्री-रानडुकरं हाकलणारी माणसं हाही याच साखळीचा भाग आहे. त्यांचं टॉवरशी बोलणं वॉकीटॉकीवर, बहुधा हिंदी-मराठीत आणि वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर होतं. त्यामुळे सर्किटमधल्या वैमानिकाला गाडी धावपट्टीवर आहे हे ऐकून कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून गाडीवाल्यानंही सूचना परत बोलायची, मराठीत बोला, पण पूर्ण बोला: ‘जीप एक, धावपट्टीच्या अलीकडे थांबतो.’ ‘हो साहेब’ चालणार नाही. ‘धावपट्टी मोकळी केली’ हे गाडीचा मागचा भागसुद्धा थांब्याच्या रेषेबाहेर गेल्यावरच सांगायचं. आणि कंट्रोलरनं गाडी आत सोडली त्या क्षणी स्ट्रिप-बोर्डवर धावपट्टी अडल्याची पट्टी लावायची. डोक्यात ठेवलं तर दोन फोन आल्यावर विसरतं.

गावात बसून सराव

सरावाला दोघं जण आणि दोन फोन लागतात. समोरासमोर बसू नका, चेहऱ्यावरून उत्तर कळतं. एक घरात, एक ओसरीत, फोनवर बोला. उन्हाळ्यात कूलर चालू असू द्या, तेवढी खरखर हवीच. एकानं कंट्रोलर व्हायचं, कागदावर आधी लिहिलेली सूचना एकदाच, सावकाश वाचायची. दुसऱ्यानं लिहून घेऊन परत बोलायची. मार्गाच्या परवानगीसाठी पॅडवर उभ्या ओळीत पाच रकाने आधीच आखा: कुठपर्यंत, कोणत्या मार्गानं, उंची, फ्रिक्वेन्सी, ट्रान्सपॉन्डर कोड.

आता खरा व्यायाम. वैमानिक झालेल्यानं अधूनमधून मुद्दाम एक आकडा बदलून परत बोलायचं. क्यूएनएच १००८ चा १०१८, ३२ ची २३, ‘होल्ड शॉर्ट’ (अलीकडे थांबा) गाळून नुसतं धावपट्टीचं नाव. कंट्रोलर झालेल्यानं ते पकडायचं. पहिल्या दिवशी निम्म्या चुका निसटतील, कारण कागद समोर असतानासुद्धा कान आपल्याला हवं तेच ऐकतो. मग कंट्रोलरला परत ऐकता ऐकता दुसरं काहीतरी लिहायला द्या, म्हणजे टॉवरमधली अवस्था येईल. आठवड्यानं जागा बदला.

वेगासाठी १०० शब्दांचा उतारा मोबाइलवर वेळ लावून वाचा. पूर्ण १ मिनिट लागायला हवं. बहुतेकांचा चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत संपतो. परदेशी विमानतळांवरचं बोलणं इंटरनेटवर ऐकायला मिळतं, कान तयार करायला ते चांगलं आहे. पण अमेरिकेतलं ऐकाल तर तिथला ‘पॉइंट’ उचलू नका, आपल्याकडे ‘डेसिमल’. तिथला इंचांतला दाबही नको. आणि तिथले वैमानिक घाईत जे अर्धवट रीडबॅक देतात, ते रुबाबदार वाटलं तरी आरटीआरच्या, म्हणजे रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या, परीक्षेत आणि बिरसीच्या सर्किटमध्ये चालणार नाही.